जुने-नवे बँड एकाच पंक शोमध्ये: पोस्टरच्या आधी काय, नंतर काय

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीत चार बँडचा पंक (वेगवान, आरडाओरड्याचं रॉक संगीत) शो लावायचं ठरलं की पहिलं काम होतं पोस्टरचं. मग हॉल शोधायचा, मग साउंडवाला, आणि ड्रम किट कोणाचा हे शोच्या दिवशी दुपारी कळतं. त्यातले दोन बँड दहा-पंधरा वर्षं वाजवणारे आणि दोन कॉलेजातले असले तर गुंता आणखी वाढतो. पोरं संकोचामुळे विचारत नाहीत, जुने मोठेपणापायी सांगत नाहीत. ‘दादा, तुमचा किट चालेल ना?’ ‘हो रे, कशाला टेन्शन घेऊलालास?’ एवढ्यावर दोघंही निर्धास्त. किटमध्ये स्नेअर (खडखडणारा छोटा ड्रम) आणि सिम्बल (स्टँडवरच्या झांजा) धरलेत का, ड्रमवरची स्किन फाटली तर कोण भरणार, गिटारचा अॅम्प (आवाज वाढवणारी पेटी) कोणी किती वाढवायचा, यातलं काहीच बोलणं झालेलं नसतं. भांडण स्टेजवर दिसतं, पण ते या ‘हो रे’पासून सुरू झालेलं असतं.

खालचा क्रम चार बँड, शंभर-दीडशे माणसं आणि एक मंगल कार्यालय एवढ्या आकाराच्या शोसाठी आहे. शो लहान असेल तर आकडे कमी करा. क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा १ : एक कागद, चारही बँडना तोच

आधी एक माणूस ठरवा, जो त्या दिवशी वाजवणार नाही. वेळ, पैसे आणि दार यांचा शेवटचा शब्द त्याचा. वाजवणाऱ्याने आयोजन केलं की त्याच्या स्वतःच्या सेटच्या, म्हणजे वाजवायच्या पाळीच्या, वेळी हॉल बेवारस असतो.

या माणसाने एक पानी यादी करून चारही बँडना पाठवायची. जुन्यांना वेगळी आणि नव्यांना वेगळी असं करू नका. सगळ्यांना तोच कागद गेला की कोणाला आपली झडती घेतल्यासारखं वाटत नाही. कागदात हे प्रश्न हवेत:

- माणसं किती, गाणारे किती, कोण कुठे उभं राहतं?
- काय आणणार? ‘किट’ असं मोघम चालणार नाही. बास ड्रम, टॉम, स्टँड, स्नेअर, सिम्बल, पेडल, स्टूल वेगवेगळं लिहा.
- त्यातलं काय इतरांना वापरायला द्याल, काय अजिबात देणार नाही?
- ड्रमर किंवा गिटारवाला डावखुरा आहे का?
- गिटारचं ट्युनिंग (तारा कोणत्या सुरांत लावता) कोणतं? मध्ये बदलणार असाल तर दुसरी गिटार आहे का?
- दुसऱ्यांची गाणी वाजवणार का? कोणती?
- गावाबाहेरून येणार असाल तर कधी पोचणार, परतीची गाडी कधीची?
- बँडमध्ये अठरा वर्षांखालचं कोणी आहे का?

डावखुऱ्या ड्रमरचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. अख्खा किट उलटा लावायला दहा मिनिटं जातात आणि ती वेळापत्रकात नसतील तर शेवटच्या बँडच्या सेटमधून कापली जातात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्यांकडून नीट येत नाही. ‘सगळं वापरा रे’ असं येतं. फोन करून एकेक वस्तू विचारा: ‘दादा, स्नेअर पण? तुमची राइड सिम्बल पण?’ तिथे मात्र ते थोडं थांबतात. तो थांबा म्हणजे नकार समजा आणि कागदावर तसं लिहा.

*तपासा:* चारही कागद भरून परत आले? एकही अपुरा असेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २ : तारीख

मराठवाड्यात तारीख ठरते ती हॉल आणि साउंडवाला कधी रिकामे आहेत त्यावर. दोघांचाही धंदा लग्नसराई, गणपती, नवरात्र आणि जयंत्यांवर चालतो. म्हणून सगळ्यात सोयीचा काळ पितृपक्षाचा पंधरवडा. गणपती उठलेले असतात, घटस्थापना व्हायची असते, लग्नाचे मुहूर्त नसतात, कार्यालयाचा मालक भावात ऐकतो आणि साउंडवाला फोन उचलतो. फक्त १७ सप्टेंबर टाळा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला शहरात सरकारी कार्यक्रम असतात आणि पोलीस त्यात अडकलेले असतात.

दुसरा बरा काळ पौषातला. लग्नं कमी असतात, हवा थंड असते. त्यात ३१ डिसेंबर आणि संभाजीनगरात १४ जानेवारी, म्हणजे विद्यापीठाचा नामविस्तार दिन, सोडून द्या. एप्रिल-मे विसरा. पत्र्याच्या छपराखाली दीडशे माणसं आणि बाहेर बेचाळीस अंश, यात पंक काय, कीर्तनही होणार नाही. एप्रिलमध्ये तसंही आंबेडकर जयंतीमुळे चांगला साउंड मिळत नाही. बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि लातुरात तर नीट परीक्षेच्या आधीचे आठवडे अर्धं गाव मान खाली घालून अभ्यास करत असतं.

नव्या बँडच्या परीक्षा आणि जुन्यांच्या शिफ्ट, दोन्ही विचारा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंपनीत असलेल्या ड्रमरला शनिवारी सेकंड शिफ्ट लागली तर तो रात्री अकराला सुटेल.

टप्पा ३ : हॉल आणि परवानगी

नाट्यगृह मोहात पाडतं. स्टेज आहे, लाइट आहेत, एसी आहे. पण खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, आणि पंक शोला माणूस खुर्चीत बसला की शो संपला. मंगल कार्यालय किंवा लहानसं सभागृह घ्या, जिथे खुर्च्या उचलून कडेला लावता येतात. कार्यालयाचं स्टेज नवरा-नवरीसाठी बांधलेलं असतं: उंच, मागे कायमची सजावट. त्यावर न चढता समोरच्या फरशीवरच बँड लावा. गर्दी आणि बँड एका पातळीवर आले की कोणी वरून उडी मारायचा प्रश्नच उरत नाही.

हॉल बघायला जाताना टाळी वाजवून बघा. पत्रा आणि गुळगुळीत फरशी असेल तर टाळी लांबत जाते, आणि तसंच तिथे ड्रमचं होतं. उपाय कार्यालयातच असतो: पंगतीच्या सतरंज्या आणि वऱ्हाडाच्या गाद्या. मालकाला आधीच सांगून त्या मागून घ्या. ड्रमखाली एक सतरंजी, नाहीतर बास ड्रम पुढे सरकत जातो. ड्रमच्या मागच्या भिंतीला गाद्या उभ्या टेकवा. कनात मिळाली तर बाजूच्या भिंतीवर टांगा.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येऊ शकतो, तिथली मर्यादा ५० आहे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला त्या वेळेत थोडी सूट आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पत्र्याचं कार्यालय ‘बंदिस्त’ आहे की नाही हा वाद रात्री सव्वादहाला हवालदारासमोर घालायचा नसतो. साउंड नसतानाही ड्रम किटजवळ आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा हॉलला लागून घरं असतील तर तो हॉल सोडा.

अर्ज जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, सोबत कार्यालयाच्या मालकाचं ना-हरकत पत्र. विषय साधा लिहा: संगीत कार्यक्रम, स्थानिक बँड, वेळ अमुक ते अमुक, लाउडस्पीकरचा वापर. तिकीट असेल तर अर्जातच लिहा आणि त्यासाठी आणखी काय लागतं ते तिथेच विचारा. ‘घरगुती गेट-टुगेदर’ असं लिहून सुटू पाहणाऱ्यांचे शो मध्येच बंद पडतात, कारण पोस्टर पोलिसांनाही दिसतं. दुसऱ्यांची गाणी वाजणार असतील तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना लागतो. तो टाळायचा सोपा मार्ग म्हणजे चारही बँडनी स्वतःचीच गाणी वाजवणं. तसंही तेच व्हायला हवं.

*इशारा:* पोलीस ठाण्याचा शिक्का असलेली प्रत हातात येईपर्यंत कोणाच्याही प्रवासाचं तिकीट काढू नका.

टप्पा ४ : साउंड आणि वीज

आपल्याकडे साउंडवाले दोन प्रकारचे. एक डीजेवाले: भिंतीएवढे बेस, एक कन्सोल, लॅपटॉप. दुसरे ऑर्केस्ट्रा आणि गाण्यांच्या कार्यक्रमांचे: मिक्सर, माइक, मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर). तुम्हाला दुसरा हवा. भाव पहिल्याचा कमी वाटला तरी त्याच्याकडे ड्रमला लावायचे माइकच नसतात.

त्याला विचारायचे आकडे: १६ चॅनेलचा मिक्सर, गाण्याचे चार माइक, गिटारच्या अॅम्पसमोर दोन, किक (बास ड्रम) आणि स्नेअरला एकेक, किटच्या वर एक, बेस गिटारसाठी डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी), आणि जमिनीवरचे मॉनिटर किमान तीन, त्यातला एक ड्रमरकडे. एवढ्या हॉलला पूर्ण ड्रम माइक करायची गरज नाही. पत्र्याखाली ड्रम स्वतःच भरपूर ऐकू येतो, कमी पडतो तो गळा.

आणि एको. आपल्याकडच्या साउंडवाल्याचा हात सवयीने एकोच्या बटणावर जातो, कारण गझल असो की भीमगीत, गिऱ्हाईक तेच मागतं. पंकचे शब्द आधीच वेगात असतात, एको लागला की लगदा होतो. आदल्या दिवशी सांगा, दुपारी परत सांगा, आणि त्याच्याशेजारी आपला एक माणूस बसवा. त्या माणसाचं दुसरं काम म्हणजे ऑपरेटर चहाला गेला की लक्ष ठेवणं.

विजेचा भाग वाचायचा कंटाळा करू नका. स्टेजचं सगळं सामान, म्हणजे अॅम्प, गिटारची इफेक्ट पेडल, मिक्सर, एकाच फेजवर घ्या, आणि बोर्डातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कार्यालयांच्या जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सैल असणं नवीन नाही, आणि तो तुटला तर २३० व्होल्टच्या जागी बरंच जास्त व्होल्टेज अॅम्पमध्ये घुसतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावून बघा. काटा एक-दोन व्होल्टच्या पुढे गेला तर कोणीही माइकला ओठ लावायचे नाहीत, आधी दोष शोधायचा. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारा हुशार माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला बोर्डापासून लांब ठेवा.

जनरेटरबद्दल नेमका प्रश्न हा: लाइट गेल्यावर तो फक्त पंखे आणि ट्यूबलाइट ओढतो, की स्टेजचे सॉकेटही? लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. मिक्सरला संगणकाचा यूपीएस लावून ठेवा.

टप्पा ५ : सामाईक सामान

एक ड्रम किट, दोन गिटार अॅम्प, एक बेस अॅम्प, चौघांना तेच. चार बँडची चार सामानं लावत-काढत बसलात तर शो अकरापर्यंत चालेल.

बहुतेक वेळा हे सामान जुन्यांचं असतं. नियम असा ठेवा: किटचा सांगाडा सामाईक, आणि स्नेअर, सिम्बल, पेडल, काठ्या ज्याच्या त्याने आणायच्या. नव्या ड्रमरकडे सिम्बल नसतील तर त्याने त्या शोच्या आठवडाभर आधी कोणाकडून तरी उसन्या मिळवायच्या, स्टेजवर उभं राहून नव्हे. फुटलेल्या वस्तूचा खर्च कोणाचा, हेही लिहून टाका. मला पटलेली पद्धत अशी: वाजवताना स्किन फाटली किंवा बल्ब-फ्यूज गेला तर तो खर्च शोच्या पैशातून, कारण तेवढी झीज कोणाच्याही हातून होते. अॅम्पवर पाणी सांडलं, स्टँड लाथेने उडवला, तर ज्याने केलं त्याच्या बँडकडून. हे कागदावर असलं की नवा ड्रमर बिचकत बिचकत वाजवत नाही, आणि जुना प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत नाही.

ट्यूब अॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर तिघांनाच हात लावू द्या: मालक, साउंडवाला, आणि तुमचा स्टेजवरचा माणूस. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) न जोडता तो कधीच चालू करायचा नाही. हेड (अॅम्पचा स्पीकरशिवायचा भाग) आणि कॅबिनेट यांचे ओम (रोधाचे आकडे) जुळले पाहिजेत, आणि त्यांच्यामधली केबल स्पीकरची हवी, गिटारची नाही. दिसायला दोन्ही सारख्या असतात, आणि घाईत इथेच हमखास घोळ होतो. बेस गिटार साध्या गिटारच्या अॅम्पमध्ये घुसवून ‘चालतंय की’ म्हणू नका, स्पीकर फाटेल.

गिटारचा इफेक्ट प्रोसेसर थेट मिक्सरला देऊन वाजवणाऱ्या पोरांनी ते आधी सांगावं. त्यांना अॅम्प नको, डीआय हवा. जुन्यांपैकी कोणीतरी यावर नाक मुरडेल. मुरडू द्या.

*तपासा:* प्रत्येक वस्तूला रंगीत चिकटपट्टी, एका बँडचा एक रंग. केबलनाही. काळ्या केबल सगळ्या सारख्याच दिसतात आणि रात्री त्यावरून होणारा वाद सगळ्यात बालिश असतो.

टप्पा ६ : कोण कधी वाजवणार

बहुतेकांची चूक इथेच होते. शास्त्रीय मैफलीत ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो, आणि तोच मान आपण न विचारता इथे लावतो: नवखी पोरं आधी, जुने शेवटी. मग काय होतं? नवख्यांचा सेट होतो रिकाम्या हॉलसमोर, कारण लोक अजून पार्किंगमध्ये असतात. त्यांचे चाळीस मित्र त्यांचा सेट झाला की वडापावला बाहेर पडतात ते परत येत नाहीत. शेवटी जुने वाजवतात खुर्च्यांना आणि साउंडवाल्याला.

माझा क्रम असा:

पहिला, एक जुना बँड. त्यांचं सामान लावलेलंच असतं, आवाजात गडबड असेल तर ते वाजवता वाजवता दुरुस्त करू शकतात, आणि ‘हे पहिलेच आहेत’ हे कळलं की लोक वेळेवर येतात.
दुसरा, सगळ्यात नवा बँड. हॉल भरलेला, साउंड बसलेला, आणि मित्रांना पुढचं बघायला थांबावंच लागतं.
तिसरा, दुसरा जुना बँड. पुण्याहून आलेला असेल तर परतीची गाडी त्याला आरामात मिळते.
चौथा, ज्या नव्या बँडची गावात सगळ्यात जास्त माणसं आहेत तो.

जुन्यांना हे पटवायला मेसेज करू नका, भेटा. ‘दादा, तुम्ही पहिले वाजवलं तर पोरं वेळेवर येतील’ हे कारण खरं आहे आणि त्यांना ते लगेच कळतं. तरीही शेवटचाच नंबर हवा असेल तर त्यांना शोमध्ये घेऊ नका.

वेळ मागून मोजत या. वसतिगृहातल्या मुलींना परतायची वेळ असते, बाहेरगावच्यांना शेवटची एसटी. म्हणून दहाच्या मर्यादेला टेकायचं नाही:

५:०० दार
५:३० ते ५:५० पहिला
६:०५ ते ६:२५ दुसरा
६:४० ते ७:१० तिसरा
७:२५ ते ७:५५ चौथा
८:१० पर्यंत एकत्र गाणं, असेल तर

असं बांधलं की तासभर उशीर झाला तरी सव्वानऊच्या आसपास सगळं आटोपतं. वीस मिनिटं कमी वाटतात? पंकमध्ये वीस मिनिटांत दहा गाणी बसतात. बसत नसतील तर गाण्यांच्या मधलं भाषण कापा.

एकत्र गाणं ठेवायचंच असेल तर एकच, साध्या तीन कॉर्डचं, सगळ्यांच्या ट्युनिंगमध्ये बसणारं, आणि आधी एकदा तरी एका खोलीत वाजवून बघितलेलं. आयत्या वेळी ‘या रे सगळे’ म्हटलं की नऊ गिटारी आणि शून्य ड्रमर स्टेजवर येतात.

*इशारा:* सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार काहीही नको. हॉलचा मालक किंवा कोणाचे तरी काका ‘दोन शब्द’ बोलू म्हणतील. त्यांना पाच वाजता, दार उघडताना बोलू द्या.

टप्पा ७ : आता पोस्टर

चारही नावं एकाच आकाराच्या अक्षरात. ‘फीचरिंग’, ‘लेजंड’, ‘सोबत नवोदित’ असले शब्द नकोत. वेळ लिहिताना दाराची आणि पहिल्या बँडची दोन्ही लिहा, तिकिटाचा दर लिहा, दारूबंदी आहे हे लिहा. बँडमध्ये अठराखालचं कोणी असेल तर पालकांचं लेखी संमतिपत्र आत्ताच मागवा. हॉलचा पत्ता खुणेसकट द्या. ‘सिडको’ एवढा पत्ता म्हणजे पत्ता नाही.

टप्पा ८ : शोच्या दिवशी दुपार

साउंड चेक उलट्या क्रमाने. शेवटचा बँड आधी, पहिला बँड सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिल्याचं सामान आणि मिक्सरवरची त्याची मांडणी जशीच्या तशी राहते आणि शो वेळेवर सुरू होतो. सरळ क्रमाने चेक घेणारे लोक अजून आहेत. त्यांना पहिल्या बँडसाठी सगळं पुन्हा लावावं लागतं.

बारापर्यंत साउंड आत, दीडला प्रत्येक लाइन चालू आहे का एवढंच बघणं. दोन वाजता चौथा बँड, पावणेतीनला तिसरा, सव्वातीनला दुसरा, चारला पहिला. नव्या बँडला उलट थोडा जास्त वेळ द्या, त्यांनी मॉनिटर पहिल्यांदाच ऐकलेला असू शकतो. त्यांना एवढंच शिकवा: मॉनिटरमध्ये फक्त आपला गळा आणि थोडी किक मागायची. सगळं मागितलं की शिट्टी येते.

पुण्याहून संभाजीनगरला येणाऱ्या बँडला २३५ किलोमीटर रस्ता आहे आणि अहिल्यानगरच्या आसपास हमखास वेळ जातो. सकाळी सातला निघा म्हणजे साडेसातला निघतील. सव्वादोनपर्यंत पोचले नाहीत तर त्यांचा चेक रद्द, फक्त लाइन चेक. इतरांच्या वेळेतून त्यांना वेळ काढून द्यायचा नाही, कितीही जुने असले तरी.

चेक संपला की प्रत्येक अॅम्पच्या नॉबचा मोबाइलवर फोटो काढा आणि बँडच्या नावाने ठेवा. संध्याकाळी बँड बदलताना तो फोटो बघून नॉब लावायचे. अंदाजाने नाही.

*तपासा, साडेचारला:* पाण्याचे जार आले? मागचा दरवाजा उघडा आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे? प्रथमोपचाराची पेटी कुठे? फोमचे इअरप्लग दारावर ठेवले? शंभर डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटांचा धरतात. ज्यांच्या कानात आता कायमची शिट्टी वाजते अशा जुन्यांनीच दारावर उभं राहून ते वाटले तर पोरं घेतात.

टप्पा ९ : शो

बँड बदलायला पंधरा मिनिटं. संपवणाऱ्या बँडने आधी आपलं सामान उचलून बाहेर न्यायचं, मग पेडल गुंडाळायची, मग मित्रांना मिठ्या मारायच्या. लोक हे नेमकं उलट करतात. पुढच्या बँडने बाजूला पेडल जोडून, गिटार ट्यून करून तयार राहायचं. ट्यूनिंग माइकवरून ऐकवू नका. वेळ पाळणाऱ्या माणसाकडे टॉर्च हवा: पाच मिनिटं उरली की एकदा, संपली की दोनदा. टॉर्च दोनदा चमकला की साउंड बंद, मग स्टेजवर कोणीही असो.

गर्दीत पोरं एकमेकांवर आदळणार, ते ठीक. पडलेल्याला लगेच उचलायचं, कडेला उभं राहणाऱ्याला आत ओढायचं नाही, मुलींना घोळक्यात हात लावणारा लगेच बाहेर. हे पहिल्या सेटच्या आधी जुन्या बँडच्या गायकाने माइकवरून दोन वाक्यांत सांगावं. त्याचं पोरं ऐकतात. समोर दोन्ही बाजूंना आपले दोन जण उभे ठेवा, शक्यतो त्यात एक मुलगी.

एखादा ऐकतच नसेल तर वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडची पद्धत घ्या. ते गाणं थांबवायचे, त्या माणसाला बोलवायचे आणि तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देऊन बाहेर पाठवायचे. तुम्हीही दारावर दोन-चार पाकिटं तिकिटाच्या रकमेसह तयार ठेवा. पैसे परत मिळाले की वाद घालायला मुद्दाच उरत नाही. गाणं मात्र खरंच थांबवायला हवं, आणि हे चारही बँडना आधी माहीत हवं. नवी पोरं घाबरून वाजवत राहतात.

ग्रीनरूममध्ये दारू नाही. ही अडचण सहसा पोरांची नसते.

टप्पा १० : पैसे, त्याच रात्री

दारावर दोन माणसं. एकाकडे रोख, दुसऱ्याकडे क्यूआर. क्यूआर कोणाच्या खात्याचा हे चारही बँडना माहीत हवं. पैसे भरल्याचा नुसता स्क्रीनशॉट दाखवला म्हणून आत सोडू नका, खात्यात जमा झाल्याचा आवाज किंवा मेसेज आला की मनगटावर शिक्का.

वाटणीचा क्रम: हॉल, साउंड, पाणी-छपाई, बाहेरगावच्यांचा प्रवास, फुटतुटीचा राखीव भाग, आणि उरलेलं चौघांत समान. समजा १२० तिकिटं, दर २०० रुपये, जमा २४,०००. हॉल ८,०००, साउंड ७,०००, पाणी-छपाई १,५००, प्रवास ३,०००. उरले ४,५००. त्यातले ५०० राखीव, बाकी प्रत्येक बँडला १,०००. जुन्यांना जास्त मानधन द्यायचं असेल तर ते पहिल्या टप्प्यातल्या कागदावर हवं होतं, आता नाही. आणि जुने ‘आमचे राहू दे, पोरांना दे’ म्हणाले तरी पाकीट त्यांच्या हातात द्या. मग ते कोणाला देतात ते त्यांचं त्यांनी बघावं. टी-शर्ट, बॅज, स्टिकर विकून आलेले पैसे ज्या-त्या बँडचे, त्यात शोचा वाटा नाही.

तोटा झाला तर? तो कोणी किती सोसायचा तेही कागदावर लिहा. आयोजकाने एकट्याने तो खिशातून भरला की पुढचा शो होत नाही.

हिशेब एका पानावर लिहून त्याचा फोटो चौघांना त्याच रात्री पाठवा. साउंडवाल्याचे पैसे त्याचे माइक आणि केबल त्याच्यासमोर मोजून झाल्यावर. गाद्या-सतरंज्या जागेवर, खुर्च्या रांगेत, मागच्या दाराची किल्ली मालकाकडे. रंगीत पट्ट्या बघून प्रत्येक बँडने आपलं सामान उचलायचं. काही हरवलं किंवा फुटलं असेल तर दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत आयोजकाला फोटोसह कळवायचं. आठनंतर आलेली तक्रार धरायची नाही, जुन्यांची आली तरी.